शेतीविद्येची वार्ता



शेतीचा इतिहास लिहिताना आपले इतिहासकार बहुधा सारा, जमाबंदी, सावकारी आणि दुष्काळ ह्या चार खांबांभोवतीच फिरतात. ते स्वाभाविक आहे. ज्या कर्जत तालुक्यात आपण बसलो आहोत, त्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकात प्रथम ठळकपणे येते ते १८७५ च्या दंग्यांच्या प्रकरणात. शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते ओढून काढून जाळली, तेव्हाचे ते प्रकरण. परंतु ह्या सगळ्यात एक इतिहास मागे राहतो. शेतीचे नवे ज्ञान कोणी निर्माण केले, ते कोणत्या वाटेने गावात आले, गावाने त्यातले काय उचलले, काय टाकले, आणि गावाचे म्हणणे उलट दिशेने कधी गेले काय, हा तो इतिहास. मिरजगावसारख्या नगर-सोलापूर रस्त्यावरच्या, सीनेच्या खोऱ्यातल्या, पावसाच्या भरवशावर शाळू पेरणाऱ्या गावाला तो जिव्हाळ्याचा असला पाहिजे. कारण नव्या विद्येची परीक्षा बागाईत मुलखात होत नसते. पाणी असले म्हणजे पुष्कळ चुका झाकल्या जातात. कोरडवाहू रानात एकही झाकली जात नाही.

सुरुवात जोतीराव फुल्यांपासून केली पाहिजे. 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ त्यांनी १८८३ साली पुरा केला. शेतकऱ्याच्या दैन्याचे वर्णन म्हणून तो आपण वाचतो; पण त्याच्या शेवटच्या भागात शेतीसुधारणेची एक सरळ योजना आहे, तिकडे लक्ष थोडे जाते. ताली आणि बंधारे घालून माती व पाणी अडवावे, जनावरांची पैदास सुधारावी, शेतमालाची प्रदर्शने भरवावी, औते चालविण्याच्या परीक्षा घ्याव्या, बक्षिसे द्यावी, असे ते सुचवितात. ह्या ग्रंथाचा प्रसार कसा झाला, हे तर आमच्या विषयाचेच प्रकरण आहे. 'दीनबंधु' पत्राने आरंभीची काही प्रकरणे छापली आणि पुढे हात आखडता घेतला. तेव्हा जोतीरावांनी पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी तो लोकांसमोर वाचून दाखविला. छापखान्याने दार लावले, तर ओसरीवर बसून वाचायचे. आपल्याकडे शेतीची वार्ता कानावाटेच अधिक चालली, आणि ती परंपरा अशी जुनी आहे.

सरकारने काय केले? मुंबई इलाख्यात शेतकी खाते १८८० नंतर उभे राहिले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शेतकीचा वर्ग १८७९ पासून होता, त्यातून पुढे ह्या शतकाऐवजी आता मागच्या शतकाच्या म्हणावे लागेल अशा पहिल्या दशकात स्वतंत्र शेतकी महाविद्यालय निघाले. त्याचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान हे मोठे विलक्षण गृहस्थ. रसायनशास्त्राचा हा इंग्रज पंडित खेड्यात जाऊन घरोघर हिशेब मांडीत बसला. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी त्याने १९१७ साली प्रसिद्ध केली. १७७१ साली ज्या गावात सरासरी धारणा ४० एकरांची होती, तीच १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली, हे त्याने जुन्या कागदांवरून दाखविले. पुढची पाहणी त्याने कानिटकर ह्यांच्या साहाय्याने जातेगाव बुद्रुक ह्या कोरडवाहू गावाची केली. 'शेतकरी अडाणी, म्हणून सुधारणा होत नाही' असे बोलण्याची त्या काळी पद्धत होती, आणि ती आजही गेलेली नाही. मान ह्यांच्या आकड्यांनी तिला उत्तर दिले. तुकड्यातुकड्यांची जमीन, डोक्यावर कर्ज आणि दर तीन वर्षांत एक वर्ष फसवे, अशा माणसाला नवा प्रयोग परवडत नाही. तो अडाणी नसतो. तो हिशेबी असतो.

ह्याच काळात सरकारी खात्याबाहेर एक मोठे काम चालले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते ह्या समजुतीपायी पहिली दोन वर्षे गिऱ्हाईक मिळेना. मग नांगर घेऊन जत्रांत जायचे, शेतात चालवून दाखवायचे, अशी वाट धरावी लागली. १९२० साली कारखान्याची 'किर्लोस्कर खबर' निघाली ती मालाची व गिऱ्हाइकांची खबर देण्यासाठी. तिचे पुढे मराठीतले एक अग्रगण्य मासिक झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. तिचा जन्म नांगराच्या तासात झाला, हे मात्र विसरले जाते. आणि आपल्या नगर जिल्ह्यात तर त्याहून अपूर्व गोष्ट घडली. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' सुरू केला आणि नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून तो चालविला, १९६७ साली ते वारले तोपर्यंत. वर्तमानपत्र हे शहरातून खेड्यात येते, हा साऱ्या हिंदुस्थानचा अनुभव. येथे ते खेड्यातून निघाले.

आता कोरडवाहू शेतीच्या शास्त्राकडे वळू. १९२३ साली ताम्हणे ह्यांनी पुण्याजवळ मांजरीला ह्या विषयाचे प्रयोग आरंभिले. १९३३ च्या सुमारास सोलापूर, विजापूर आदी पाच केंद्रांवर सरकारी संशोधन योजना सुरू झाली, आणि सोलापूरला कानिटकरांनी त्यात हयात घालविली. त्यातून 'मुंबई कोरडवाहू पद्धत' म्हणून जे निघाले ते असे: रानाला बांध घालावे, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करावी, शेणखत द्यावे, पेरणीपूर्वी तीन-चार कुळवाच्या पाळ्या द्याव्या, बियाणे कमी टाकावे, बारा इंचांऐवजी अठरा इंचांवर पेरावे आणि उभ्या पिकात तीन-चार कोळपण्या कराव्या. ह्यातले एकही कलम खोटे नाही. मिरजगावचा जाणता कुणबी ह्यातली निम्मी कलमे आधीच पाळीत असणार. मग ही पद्धत गावोगाव का रुजली नाही? प्रचार कमी पडला, असे खाते म्हणत आले. मला हे पटत नाही. ह्या पद्धतीने उत्पन्नात जी वाढ होई ती १५ ते २० टक्क्यांच्या पलीकडे फारशी जात नसे, आणि मूळ उत्पन्न हेक्टरी २०० ते ४०० किलो. म्हणजे वाढ झाली तर एकराला फार तर बत्तीस किलो जोंधळा. त्यासाठी बैलजोडीला चार पाळ्या अधिक, मजुरी अधिक, आणि समपातळीच्या बांधासाठी शेजाऱ्याशी रुजुवात; कारण उतार काही सातबाऱ्याच्या हद्दी पाहून उतरत नाही. वार्ता पोचली होती. ती परवडणारी नव्हती.

ह्याच काळात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून मालदांडी ३५-१ हा वाण काढला गेला. त्याची जाहिरात फारशी झाली नाही आणि त्याला कुणी प्रात्यक्षिकही फारसे लागले नाही. मोत्यासारखा दाणा, गोड भाकरी, जनावर आवडीने खाईल असा कडबा, आणि जमिनीत जेवढी ओल असेल तेवढ्यावर उभे राहण्याची ताकद. मापट्याने मापटे ते बी पाहुण्याकडून पाहुण्याकडे गेले. ह्या मालदांडीकडे मला पुन्हा यायचे आहे.

स्वातंत्र्यानंतरचा काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९५२ च्या २ ऑक्टोबरला समूहविकास योजना सुरू झाली, ग्रामसेवक आला, गटविकास अधिकारी आला, जीपगाडी आली. ह्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. ते मी सोडून देतो. ज्याबद्दल फार थोडे बोलले जाते, ती गोष्ट १९५६ सालची आहे आणि तिच्यात आपला नगर जिल्हा होता.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाले होते. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची श्रवणमंडळे चालत. रेडिओवर शेतीचा कार्यक्रम लागला म्हणजे शेजारीपाजारी एका घरी जमायचे, ऐकायचे, त्यावर चर्चा करायची आणि आपले म्हणणे केंद्राला कळवायचे. 'युनेस्को'च्या साहाय्याने हाच प्रयोग हिंदुस्थानात करायचे ठरले, आणि त्यासाठी पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर ह्या पाच मराठी जिल्ह्यांतील दीडशे गावे निवडली गेली. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ असे दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास असे वीस कार्यक्रम पुणे केंद्राने दिले. प्रत्येक गावी सुमारे वीस जणांचे मंडळ, त्याचा एक अध्यक्ष, एक चिटणीस. शेती, आरोग्य, साक्षरता, गावकारभार असे विषय असत. कार्यक्रम संपला की संच बंद करायचा आणि बोलायचे. चर्चेत निघालेले प्रश्न चिटणीस कागदावर उतरवून पुण्याला पाठवी, आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत.

एवढ्याशा गोष्टीत मोठा बदल होता. तोपर्यंत शेतकी खात्याचा माणूस गावात येऊन सांगत असे, आणि गाव ऐकून घेत असे. येथे प्रथमच गावाने विचारायचे आणि वरच्याने उत्तर द्यायचे, अशी रीत पडली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरॉथ ह्यांनी ह्या प्रयोगाची तपासणी केली. मंडळांची गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे, अशी तिन्हींची प्रयोगापूर्वी व नंतर त्यांनी परीक्षा घेतली. मंडळाच्या गावांत माहिती पुष्कळच वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांची मजल त्या मानाने फारच तोकडी राहिली. म्हणजे फरक पडला तो यंत्राने नव्हे, तर यंत्र बंद केल्यावर जे बोलणे झाले त्याने. न्यूरॉथ आणि आकाशवाणीचे जगदीशचंद्र माथुर ह्यांनी मिळून लिहिलेला अहवाल 'युनेस्को'ने १९५९ साली छापला, आणि तो जगभर वाचला गेला. आफ्रिकेतल्या देशांत ह्या विषयाचे लोक अजून त्याचा हवाला देतात. आपल्याकडे, ज्या जिल्ह्यांत हा प्रयोग झाला तेथे, त्याची आठवण फारशी उरलेली नाही.

एक गोष्ट मात्र मी बोलून दाखवतो. फेब्रुवारी ते एप्रिल हे दिवस म्हणजे शाळूच्या काढणीचे, मोडणीचे आणि खळ्याचे. राखणीला रात्री रानात राहणारा माणूस संध्याकाळी साडेसहाला चावडीवर कसा येणार, हा प्रश्न वेळापत्रक ठरविणाऱ्याला सुचला होता की नाही, कोण जाणे. तरीही माणसे आली, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती तीही बोलली, हे अधिकच नवलाचे.

१९५९ पासून ही मंडळे देशभर नेली गेली. संख्या वाढली, पण पुण्याच्या प्रयोगात जी पाठपुराव्याची काळजी घेतली होती ती हजारो मंडळांत कोण घेणार? संचाच्या बॅटऱ्या संपत, प्रश्नांची पत्रे जात आणि उत्तरे येत नसत. मग ट्रान्झिस्टर आला. ज्याचा त्याचा रेडिओ ज्याच्या त्याच्या खांद्याला लटकू लागला, आणि मंडळ म्हणून जमण्याचे कारणच उरले नाही. पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागाने चांगली माणसे पुरविली हे खरे. व्यंकटेश माडगूळकरांसारखा माणदेशाचा लेखक तेथे अनेक वर्षे होता, आणि खेड्याची बोली तीमुळे रेडिओवर अस्सलपणे ऐकू आली. पुढे १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन आले आणि 'आमची माती आमची माणसं' हा कार्यक्रम घरोघर पोचला. ह्या सर्वांनी वार्ता दूरवर नेली. प्रश्न विचारण्याची वाट मात्र १९५६ साली होती तेवढी रुंद पुन्हा झाली नाही.

दरम्यान विद्यापीठाची कल्पना मूळ धरू लागली होती. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने जमिनी देऊन शेतकीची महाविद्यालये उभारली गेली, आणि १९१४ च्या कायद्याने त्यांच्याच हाती विस्तारकार्य सोपविले गेले. शिकविणे, शोध लावणे आणि शेतकऱ्याकडे जाणे ही तिन्ही कामे एका छपराखाली. आपल्या देशात पहिले कृषिविद्यापीठ १९६० साली पंतनगरला निघाले. महाराष्ट्रात १९६८ साली साऱ्या राज्याचे मिळून एक कृषिविद्यापीठ स्थापन झाले. परंतु विदर्भात अकोल्यासाठी तीव्र आंदोलन झाले होते, आणि १९६९ साली अकोल्याचे स्वतंत्र विद्यापीठ निघून राहुरीच्या विद्यापीठाला महात्मा फुले ह्यांचे नाव लाभले. १९७२ साली परभणी व दापोली ही आणखी दोन झाली. राहुरीकडे आज पश्चिम व उत्तर महाराष्ट्राचे दहा जिल्हे आहेत. 'असूडा'च्या कर्त्याचे नाव ह्या विद्यापीठाला मिळावे, ह्यात औचित्य आहे. आणि ते नगर जिल्ह्यात यावे ह्यातही. केंद्रात शेतीखात्याचे राज्यमंत्री म्हणून हरितक्रांतीच्या काळात ज्यांनी मोठे काम केले ते अण्णासाहेब शिंदे ह्याच जिल्ह्याचे.

परंतु अमेरिकेच्या नमुन्यातला तिसरा भाग आपण पुरता घेतला नाही. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा शेतीची पुष्कळ कामे त्यांच्याकडे गेली होती. खाते सरकारचे राहिले. आणि विद्यापीठाकडे विस्तारशिक्षण आले, म्हणजे प्रामुख्याने शिकविणाऱ्यांना शिकविण्याचे काम. विद्यापीठाने शिफारस करावी, खात्याने ती पोचवावी, परिषदेने बियाणे द्यावे, आणि सोसायटीने कर्ज द्यावे. चार दारे, चार वेळा. पेरणीचा वापसा मात्र आठ दिवसांचा.

विद्यापीठाने छापील मजकुराचे काम नेटाने केले, हे कबूल केले पाहिजे. राहुरीची 'कृषिदर्शनी' दरवर्षी निघते, 'श्रीसुगी' निघते, अकोल्याची 'कृषी पत्रिका' आणि परभणीची 'शेतीभाती' आहे. त्यांच्या भाषेविषयी एक तक्रार आहे. 'आंतरमशागत', 'मूलस्थानी जलसंधारण', 'पायाभूत बियाणे' हे शब्द शुद्ध आहेत, पण कोळपणी आणि खुरपणी म्हणणाऱ्या माणसाला ते परके वाटतात. उलट वाणांची नावे ठेवताना ह्याच विद्यापीठाला कधी कधी छान सुचते. राहुरीने बाजरीचे दोन संकरित वाण काढले त्यांची नावे 'श्रद्धा' आणि 'सबुरी'. शिर्डीच्या जिल्ह्यातला शेतकरी ती नावे एकदा ऐकून विसरेल कसा?

बाजरीचे नाव निघाले म्हणून सांगतो. संकरित बाजरीचा पहिला वाण १९६५ साली आला आणि खरिपात कोरडवाहू मुलखाने तो हौसेने पेरला. चांगले आले म्हणजे शेतकरी नवे घ्यायला मागेपुढे पाहत नाही, ह्याचा हा पुरावाच. पण थोड्याच वर्षांत केवडा, ज्याला आपण गोसावी म्हणतो, तो रोग ह्या वाणांवर तुटून पडला; कणसांच्या जागी पानांचे झुबके आले. वाणाची वार्ता ज्या वेगाने आली होती त्या वेगाने रोगाची आली नाही. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ. त्या दोन-तीन वर्षांत 'सरकारी बी' ह्या शब्दाला जो वास आला तो पुढे बराच काळ गेला नाही.

म्हणून मालदांडी. खरीप ज्वारीत संकरित वाणांनी १९६४ नंतर मोठी मजल मारली. रब्बीसाठीही संकरित वाण काढले गेले, त्यांची शिफारस झाली, प्रात्यक्षिके झाली. आपल्या मुलखाने ते उचलले नाहीत. कारणे कुणाही बाईला विचारा. भाकरी हवी तशी होत नाही, दाण्याला ते पाणी नाही, खोडमाशी फार, आणि कडबा जनावर पुढ्यात टाकते. संशोधनाच्या वहीत उत्पन्न म्हणजे दाणा. शेतकऱ्याच्या हिशेबात दाणा एक आणि कडबा दुसरा, आणि दुष्काळाच्या वर्षी दुसरा पहिल्याहून महाग. १९३० च्या दशकातला वाण सत्तर-ऐंशी वर्षे टिकून राहावा, ह्याला काही जण शेतकऱ्याचा हट्ट म्हणतात. मी ह्याला त्याचा अहवाल म्हणतो. तो कुणी मागितला नव्हता, म्हणून तो बियाण्याच्या रूपाने दिला गेला.

तो वाचलाही गेला, पण उशिरा. विद्यापीठाने पुढे रब्बी ज्वारीचे जे वाण दिले, ते संकरित नव्हेत तर निवडीचे व सुधारित, आणि त्यांची शिफारस जमिनीच्या खोलीप्रमाणे केली: हलक्या रानाला 'फुले अनुराधा' आणि 'फुले माउली', मध्यमाला 'फुले सुचित्रा', भारीला 'फुले वसुधा' व 'फुले यशोदा', पाण्याखाली 'फुले रेवती'. हलके, मध्यम, भारी ही वाटणी मिरजगावच्या शिवारात पांढरीइतकी जुनी आहे. साऱ्या जिल्ह्याला एकच शिफारस देण्याची रीत सोडून शास्त्राने ती वाटणी स्वीकारली, आणि भाकरीची चव व कडब्याची प्रत ह्यांचीही तपासणी होऊ लागली.

अलीकडच्या साधनांचा उल्लेख थोडक्यात करतो. २००४ पासून शेतकऱ्याला फुकट दूरध्वनी करून प्रश्न विचारता येतो. २००५ साली 'अ‍ॅग्रोवन' हे केवळ शेतीला वाहिलेले मराठी दैनिक सुरू झाले. कृषि विज्ञान केंद्रे बाभळेश्वरला आणि दहिगाव-नेला आहेत, म्हणजे जिल्ह्याच्या पाटाच्या अंगाला. दक्षिणेच्या कोरड्या तालुक्यांना ती लांब पडतात. मात्र जामखेड तालुक्यात हाळगावला विद्यापीठाचे कृषि महाविद्यालय आता निघाले आहे आणि त्याला अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे. त्यांचे जन्मगाव चौंडी तेथून जवळच. कृषि पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले आणि मुली 'कृषिदूत' व 'कृषिकन्या' म्हणून काही महिने खेड्यात राहतात, माती तपासतात, बीजप्रक्रिया करून दाखवितात आणि वही भरतात.

त्या वहीत आणखी एक पान घालावे, अशी माझी सूचना आहे. शाळूची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर ह्या दरम्यान करावी, खोडमाशी टाळण्यासाठी लवकर करावी, ही शिफारस बरोबर आहे. पण हस्ताचा पाऊस पडायचा असताना पेरले आणि वर मोठी सर आली तर पेर दडपते, दुबार बी लागते. म्हणून मिरजगावचा शेतकरी कोणत्या रानात थांबतो आणि कोणत्या रानात थांबत नाही, हे त्याला विचारून, रानाच्या नावानिशी, पेरणीच्या तारखेनिशी आणि उतरलेल्या पोत्यांनिशी पाच वर्षे लिहून ठेवावे, आणि ती वही राहुरीला व सोलापूरला पाठवावी.